सायलेन्सर बदलला, आवाज तोच

आमची गाडी खडकीत पहिल्यांदा सुरू झाली त्या सकाळी स्टेशनावरची माणसं फलाटाच्या कडेपासून दोन पावलं मागं सरली, असं सांगतात. लोकल यायला अजून वेळ होता. सांगतात म्हणजे पहिल्यांदा मीच सांगितलं. पण ते मी इतक्या ठिकाणी सांगितलंय की आता लोक मलाच ते ऐकवतात, आणि जी गोष्ट चार माणसं आपल्याला ऐकवतात ती खोटी असण्याचं काही कारण नाही.

गाडी म्हणजे जुनी कॅम्पर व्हॅन. आत झोपायला पलंग, दोन शेगड्यांचा गॅस, वाटीएवढं बेसिन आणि खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. आमच्या सोसायटीत तिला कुणी कॅम्पर म्हणत नाही. तळमजल्यावरचे निवृत्त गृहस्थ तिला 'विंचवाचं बिऱ्हाड' म्हणतात, आणि बाकीचे नुसतं 'ती'. 'ती आली', 'ती चालली'. तेवढ्यावर भागायचं, कारण ती सुरू झाली की दुसऱ्या कशाबद्दल बोलायची सोयच उरत नसे.

तिचा पूर्वेतिहास मोठा आहे. आधी ती शाळेच्या मुलांची ने-आण करायची. मुलं मोठी झाली, परदेशी गेली, ही इथंच राहिली. मग तिनं बरीच वर्षं फ्लॉवर वाहिला. पडद्याला नाक लावलं तर आजही मार्केट यार्डात उभं असल्यासारखं वाटतं. शेवटी वाघोलीकडच्या एका शेतकऱ्यानं, ज्याच्या ज्वारीच्या रानात आता बारा मजले उगवलेत, हौसेनं तिचं घर करून घेतलं. घरच्यांना घेऊन तो एकदाच महाबळेश्वरला गेला. घरचे एसटीनं परत आले.

मी बघायला गेलो तेव्हा त्यानं किल्ली फिरवली आणि बाभळीवरचे बगळे उठले ते नदीपार जाऊनच बसले.

"आवाज जरा जास्त वाटतो," मी ओरडून म्हणालो.

"आवाज हाय म्हणून गाडी हाय," तो म्हणाला. "बिनआवाजाची पायजेल असंल तर बैल घ्या."

मला हा युक्तिवाद बिनतोड वाटला. गाडी घेतली.

ही गाडी मी माझ्या हौसेसाठी घेतली असं सोसायटीत सगळे समजतात. समजू देत. ती घेतली बायकोसाठी. बायकोला अजिंठा बघायचा होता. शाळेत असताना तिच्या वर्गाची सहल तिथं गेली तेव्हा हिला गालगुंड झालं होतं; सगळा वर्ग बुद्धाला भेटून आला आणि ही गालाला लेप लावून घरी. पुढं आमचं लग्न ठरलं तेव्हा मी शब्द दिला की अजिंठा मी दाखवीन. शब्द देणं सोपं होतं. हिला दुसऱ्याच्या उशीवर झोप येत नाही हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. लॉज नाही, धर्मशाळा नाही, विहारातली पाहुण्यांची खोली नाही, सख्ख्या नणंदेच्या घरीसुद्धा नाही. माझी बहीण ते अजून विसरलेली नाही. आणि अजिंठा म्हणजे काही सारसबाग नव्हे की संध्याकाळी जाऊन भेळ खाऊन परत यावं. तेव्हा उपाय एकच उरला: हिची उशी, हिची गादी, हिचा चहाचा डबा असं सगळं चाकांवर चढवायचं आणि ते तिथवर न्यायचं.

"या थंडीत गेलो तर जाऊ," बायकोनं आधीच बजावलं होतं. "पुढच्या थंडीत मी येईन. माझे गुडघे येतील की नाही ते मला सांगता येत नाही."

लेण्यांना चढण किती आहे ते गेलेल्यांना माहीत आहे. न गेलेल्यांनी आपापल्या गुडघ्यांना विचारावं.

वाघोलीहून गाडी आणताना बायको माझ्या डाव्या हाताला बसली होती. या जातीच्या जुन्या गाड्यांचं इंजिन पुढं नाकात नसतं. चालवणारा आणि शेजारी बसणारा यांच्या मधोमध, एका पत्र्याच्या झाकणाखाली ते असतं. त्या झाकणावर डबा ठेवला तर आमटी खडकीपर्यंत उकळत राहते. तर ही वाटभर काहीतरी बोलत होती. मला नुसते ओठ दिसत होते. पुढं आवाज उतरलाही असेल, पण तोवर आमचे कान बसले होते. मधेच तिनं उजवा कान धरला, मग झाकणाकडं बोट केलं, मग पुन्हा कान धरला. मला वाटलं, माझ्या गाडीला उगाच नावं ठेवली म्हणून कान पकडते आहे. संसारात असा प्रसंग पहिलाच. मी मोठ्या मनानं हात हलवून 'असू दे, असू दे' म्हणालो.

खडकीत उतरल्यावर तिनं ओढणी झटकली, कानातली शिट्टी थांबायची वाट पाहिली आणि शांतपणे सांगितलं, "ज्या गाडीत शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, त्या गाडीतून मी अजिंठ्याला येणार नाही."

"अगं, पण घरी तरी कुठं आपण..."

"घरी तुम्ही ऐकलं नाहीत तर मी स्वयंपाकघरात जाऊ शकते. गाडीत कुठं जाऊ?"

म्हणजे प्रश्न सरळ होता. थंडी संपायच्या आत आवाज गेला तर अजिंठा, नाही तर अजिंठा गेला.

आता पुण्यात सल्लागारांचा कधी तुटवडा पडलेला नाही. मी गाडी सुरू करून नुसता शेजारी उभा राहिलो की इस्त्रीवाल्यापासून शेजारच्या इमारतीतल्या कर्नलसाहेबांपर्यंत माणसं जमायची, डोळे मिटून ऐकायची आणि एकमुखानं सांगायची, "सायलेन्सर गेला." विहारातले उपासक म्हणाले सायलेन्सर. नारायण पेठेतल्या माझ्या जुन्या मित्रांना मी फोनवर आवाज ऐकवला. ते म्हणाले फोन लांब धर, आणि सायलेन्सर बघ. इतकं एकमत मी खडकीत कुठल्याच निवडणुकीत पाहिलेलं नाही.

इथंच घोटाळा झाला, आणि तो गाडीचा नव्हे, शब्दाचा. आपल्याकडं इंजिनातून निघून मागच्या बंपरखाली संपणारी जेवढी म्हणून नळी आहे, तिचे वाक, तिचे सांधे, मधला फुगीर डबा, शेवटची पुंगळी, या सगळ्याचं मिळून नाव सायलेन्सर. पोटरीला चटका बसला तर सायलेन्सरचा. धूर आला तर सायलेन्सरमधून. पण दुकानात जाऊन 'सायलेन्सर द्या' म्हटलं की दुकानदार एकच वस्तू काढून देतो, तो फुगीर डबा. म्हणजे सांगणाऱ्यानं अख्खी पेठ सांगायची आणि आपण पहिल्याच दारात शिरून 'हेच का ते घर' विचारायचं, तसला प्रकार.

मी डबा बदलला. नवा डबा इतका चकचकीत होता की सोसायटीतली मांजरं त्याच्यासमोर बसून मिशा नीट करायची. किल्ली फिरवली. आवाज तोच. उलट नव्या कपड्यातल्या माणसाला येतो तसा त्याला थोडा चेव आला होता.

तळमजल्यावरचे गृहस्थ दारात आले. "आपण सायलेन्सर बसवलात की लाउडस्पीकर?"

"सायलेन्सरच."

"नाही, विचारलं एवढ्यासाठी, की आमच्या दाराची बेल वाजलेली आता आम्हाला कळत नाही. परवा सासुरवाडीची माणसं येऊन परत गेली. त्याबद्दल आपले आभार मानायचे राहिले होते."

मग मी शनिवार पेठेतल्या मेकॅनिकला गाठलं. त्याचं गॅरेज अशा बोळात आहे की स्कूटर आत न्यायची तर आरसे काढून खिशात ठेवावे लागतात. कॅम्पर अर्थातच बाहेर रस्त्यावर, आणि तो बोळातून हात पुसत येणार. खडकीहून निघालो, वाकडेवाडीच्या गर्दीत सगळे सिग्नल मनोभावे पाळले, डेंगळे पूल ओलांडला, आणि त्याच्यापुढं गाडी उभी केली.

त्यानं मान तिरकी करून ऐकलं. "आवाज कुठाय?"

मीही ऐकलं. गाडी मठातल्या मांजरासारखी घुरघुरत होती. "आत्ता होता."

"काका, इथं येईपर्यंत सगळ्यांचंच सगळं असतं."

तरी माणूस नेकीचा. त्यानं चिंध्यांचा बोळा करून मागच्या पुंगळीच्या तोंडावर दाबून धरला. म्हणजे धुराला पुढची वाट बंद. मधे कुठं फट असेल तर तिथून तो शिट्टी मारत बाहेर यायला हवा. शिट्टी आली नाही. गाडी गुदमरली आणि बंद पडली. "एकही सांधा गळत नाही," तो म्हणाला. "गाडी ठणठणीत आहे. तुमची झोप नीट होते ना?"

दुसऱ्या सकाळी खडकीत गाडीनं असा बार काढला की छावणीच्या बाजूनं कुणीतरी सलामी दिली. मी लगेच शनिवारात. तिथं पुन्हा मांजर. तिसऱ्या खेपेला मी गाडी थांबवायच्या आत तो म्हणाला, "आज पण बरी वाटतेय का?" पोर रात्रभर तापानं फणफणतं आणि डॉक्टरांच्या दारात खिदळायला लागतं, तेव्हा आईबापांचं जे तोंड होतं, ते तोंड घेऊन मी रस्त्यात उभा.

"गाडी इथंच ठेवू का दोन दिवस?" मी विचारलं.

"शनिवारात रात्री एवढी गाडी लावायला जागा असती तर तिथं एव्हाना तीन फ्लॅट झाले असते."

असं करता करता संक्रांत गेली. गच्चीवरचं दुपारचं ऊन अंगाला चावायला लागलं. बायकोनं पायऱ्यांसाठी घेतलेले कापडी बूट दाराशी ठेवले होते, ते एक दिवस मला दिसले नाहीत. शोधले तर कपाटात, खोक्यात, कागद गुंडाळून. मी खोकं होतं तसं बंद केलं. गाडी विकून टाकावी असं मला पहिल्यांदा त्या दिवशी वाटलं, आणि त्या बैलाच्या सल्ल्यात तथ्य होतं हेही.

पुढच्या सकाळी मी पुन्हा गाडी सुरू करत होतो. बायको वर गॅलरीत चहा घेत उभी होती. ती कप तसाच हातात घेऊन खाली आली आणि खुणेनं म्हणाली, बंद करा.

"अहो, ही इथून जाताना भुंकते आणि परत येते तेव्हा नुसती पुटपुटते. असं का?"

"दमत असेल," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं पाहिलं. बायको शाळेत संगीत शिकवायची, आणि विहारातल्या महिला मंडळात गेली कित्येक वर्षं पेटी तिचीच असते. पेटी बिघडली तर ती दुकानात देत नाही. जमिनीवर जुनी चादर पसरून स्वतःच उघडते.

"माझी पेटीसुद्धा थंडीच्या सकाळी फुसफुसते," ती म्हणाली. "जरा वाजवली, ऊब आली, की गप्प. बायका म्हणतात, सूर बिघडलेत. सूर कशाला बिघडतील? भाता गळत असतो. आवाज निघतो एकीकडं आणि हवा जाते भलतीकडं. तुम्ही सगळे मागं पुंगळीपाशी जमून काय ऐकता?"

"सायलेन्सर मागं असतो."

"मग वाघोलीपासून मी घसा फोडून काय सांगत होते? आवाज माझ्या उजव्या कानाला येत होता. मागून येत असता तर दोन्ही कानांना आला असता. उजव्या हाताला काय आहे माझ्या?"

झाकण होतं.

"म्हणजे तू कान धरत होतीस तो..."

"तुम्हाला काय वाटलं?"

मी चहा निवेल म्हणून तिला घाई केली.

पेटीचा भाता कुठं फाटलाय ते शोधायची तिची रीत मी वर्षानुवर्षं पाहत आलोय, पण मला कधी ती रीत वाटली नाही. मला ते संगीतच वाटायचं. ती उदबत्ती लावते आणि भात्याच्या घडीघडीवरून सावकाश फिरवते. धुराची रेघ जिथं मोडते तिथं भोक. मग तिथं सरस लावून कातड्याची पट्टी.

त्या दिवशी तिनं मला गाडीला हात लावू दिला नाही. गाडी पुरती गार व्हायला हवी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी वंदना झाल्यावर ती पुड्यातली एक कोरी उदबत्ती घेऊन खाली आली. ओढणी कमरेला घट्ट बांधली. मधलं झाकण काढून बाजूला ठेवलं.

"अगं, डिझेल आहे," मी म्हणालो.

"उदबत्ती आहे, मशाल नाही. तुम्ही तिकडं बसा आणि मी सांगेन तेव्हा किल्ली फिरवा. एवढंच करा."

तळमजल्यावरचे गृहस्थ ब्रश तोंडात ठेवून खिडकीशी आले. "गाडीची पूजा वाटतं?"

"आपल्याला ठाऊक आहे, आमच्याकडं पूजा नसते," बायको म्हणाली. "तपासणी आहे. अहो, फिरवा."

मी फिरवली. गाडी भुंकली. खिडकीतले गृहस्थ आत गेले. बायको वाकून उदबत्ती इंजिनाच्या कडेनं फिरवत होती आणि धूर सरळ वर जात होता, दोऱ्यासारखा. पुढं काही नाही. खाली काही नाही. मग इंजिनाच्या अंगातून जिथं पहिला पाइप निघतो, अगदी वरच्या सांध्याशी, तिथं तो दोरा फटक्यासारखा तुटला. फुर्र, फुर्र, फुर्र. इंजिनाच्या प्रत्येक ठोक्याला एक फुंकर. मी ही गोष्ट सांगताना त्या फुंकरीनं उदबत्तीची राख तिसऱ्या मजल्यावरच्या लोणच्यात पडली असं सांगतो. त्या वेळी मात्र मी गप्प बसून बघत होतो.

"हे बघा," ती म्हणाली, आणि हात तिथंच धरून ठेवला.

आम्ही दोघं बघत राहिलो. इंजिन हळूहळू तापलं. फुंकर मंद झाली. भुंकणं घोगरं झालं, मग खाकरणं झालं, मग घुरघुर. आणि धुराची रेघ पुन्हा सरळ उभी राहिली, जशी काही तिला कधी कुणी हात लावला नव्हता.

मी मेकॅनिकला फोन लावला.

"बोला काका. आज पण गायब का?"

मी सगळं सांगितलं. मग तो म्हणाला, "कुठली उदबत्ती?" आणि मग, "उद्या सकाळी येतो. मी येईपर्यंत किल्ली लावायची नाही."

शनिवार पेठेतला कारागीर कामासाठी पूल ओलांडून खडकीला आला, ही गोष्ट मी सांगतो तेव्हा लोक उदबत्ती मानतात, लोणचं मानतात, पण हे मानत नाहीत. तो आला. गार इंजिन सुरू करवलं, ऐकलं, आणि म्हणाला, "हां. हा तो." सांध्याचा एक बोल्ट तुटून आत अडकला होता आणि खालचं पॅकिंग जळून गेलं होतं. "गार असताना फट उघडी. लोखंड तापलं की फुगतं, फट बुजते. तुमची गाडी माझ्याकडं यायच्या आधी वाकडेवाडीतच बरी होत होती." मग झाकण हलवून पाहिलं. "आणि हे नीट बसत नाही. धूर आत येत होता. असेच लांब गेला असतात तर लेणी डोकं धरून बघावी लागली असती. मी आधीच इकडं यायला हवं होतं."

"काकू, एकदा गॅरेजला या," तो जाताना म्हणाला.

"तुम्हीच पेटी शिकायला या. कान चांगला आहे, फक्त लांबून ऐकता," बायको म्हणाली.

तुटका बोल्ट निघायला दुपार झाली. पिठलं-भाकरी खाऊन त्यानं नवं पॅकिंग बसवलं. नारायण पेठेतल्या मित्रांना मी हे सांगतो तेव्हा उदबत्ती माझ्या हातात असते. बायको समोर असली की तिच्या हातात.

त्याच आठवड्यात आम्ही निघालो. सकाळी गार गाडी सुरू केली आणि ती सुरू झाली की नाही ते बघायला मला खाली उतरून पुंगळीला हात लावावा लागला. तळमजल्यावरच्या खिडकीत कुणी आलं नाही. बायको डाव्या बाजूला बसली, पाठीशी उशी घेतली, आणि आम्ही नगर रस्त्याला लागलो.

वाघोली गेली. शिक्रापूर गेलं. मागं वाट्या किणकिणत होत्या, पडद्यांच्या कड्या वाजत होत्या, आणि आम्ही दोघं वधूपरीक्षेला बसल्यासारखे गप्प.

"बोल की काहीतरी," मी म्हणालो.

"काय बोलू?"

"इतके दिवस म्हणत होतीस, ऐकू येत नाही."

"ऐकू येत नव्हतं तेव्हा पुष्कळ सुचायचं."

रांजणगावच्या पुढं तिला एक कोंबडी आठवली. तिच्या माहेरी चाळीत होती, जिन्याखाली अंडी घालायची. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण ही कोंबडी मला कधी भेटली नव्हती. साधी पांढरी कोंबडी, एका डोळ्यानं कमी दिसणारी; पोस्टमन आला की त्याच्याबरोबर सगळ्या दारांपुढून फिरायची आणि त्याला जिन्यापर्यंत पोचवून यायची. बायको घरच्याच आवाजात बोलत होती, भाजी निवडताना बोलते तसं, आणि एकही शब्द वाया जात नव्हता. शिरूर येऊन गेलं तरी कोंबडी जिवंत होती. सुप्याच्या अलीकडं मला चहाची टपरी दिसली.

"थांबूया का?" मी विचारलं.

"थांबा हो जरा," ती म्हणाली. "आत्ता कुठं जिन्याखाली मुंगूस आलंय."

मी गाडी पुढं काढली.